चीनचा इतिहास : वैद्याच्या कपाटातून

चीनच्या इतिहासाचा आजवर हाती आलेला सर्वांत जुना लेखी पुरावा औषधाच्या दुकानातून बाहेर आला. तेथील वैद्यकात ‘लोंग-गू’ नावाचे एक द्रव्य आहे. त्याचा शब्दशः अर्थ ड्रॅगनची हाडे. जमिनीत सापडणाऱ्या जुन्या अस्थी कुटून त्यांचे चूर्ण निद्रानाश, हृद्द्रव, अतिस्वेद अशा तक्रारींवर देण्याचा प्रघात शतकानुशतके होता. शंखभस्म आणि कुक्कुटाण्डत्वक् भस्म नित्य वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. १८९९ साली वांग यिरोंग या बीजिंगच्या विद्वानाच्या ध्यानात आले, की या हाडांवर अक्षरे कोरलेली आहेत. त्यांना स्वतःला ताप आला असता काढ्याच्या पुडीतच अशी हाडे निघाली, ही त्याबद्दलची लोकप्रिय कथा. ती रंजक असली तरी दंतकथाच समजावी. मात्र हाडे औषधाच्या व्यापारातून आली होती, ही गोष्ट खरी. पुढे १९२८पासून आन्यांग येथे उत्खनन झाले आणि इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या सुमारास तेथे नांदत असलेली शांग राजवंशाची राजधानी उजेडात आली. त्यापूर्वी किती इतिहास खलात कुटला जाऊन रुग्णांच्या पोटात गेला असेल, याचा हिशेब आता लागणे नाही.

शिरूर-दौंड परिसरातील आपल्या सभासदांना चीन म्हटले की प्रथम रांजणगाव औद्योगिक वसाहत आठवते. हायर या चिनी कंपनीने २००७ साली तेथील कारखाना घेतला, आणि तेव्हापासून शीतकपाटांच्या निमित्ताने तो देश आपल्या दारात आला, असे आपण समजतो. वास्तविक तो आपल्या दवाखान्यातल्या कपाटात पूर्वीपासूनच बसलेला आहे. चोपचिनी, रेवंदचिनी, दालचिनी, कबाबचिनी ही नावे आपण दररोज उच्चारतो. त्यातील प्रत्येक द्रव्य चीनचेच आहे असे नाही. कबाबचिनी जावाकडची, आणि उत्तम दालचिनी सिंहलद्वीपाची. पण समुद्रमार्गे पूर्वेकडून आलेल्या मालाला व्यापाऱ्यांनी सरसकट चीनचे नाव चिकटवले. भावप्रकाशात कापराच्या भेदांमध्ये चीनक कापराचाही उल्लेख येतो. तेव्हा चीनचा इतिहास राजांच्या नामावळीने न सांगता औषधे, ग्रंथ आणि वैद्य यांच्या वाटेने सांगण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

शांग ते हान

शांग राजांच्या त्या अस्थिलेखांत राजाला दातदुखी झाल्याची नोंद आहे, आणि ती कोणत्या पूर्वजाच्या कोपाने झाली असा प्रश्नही आहे. हाड तापवावे, त्याला तडे जावेत आणि त्या तड्यांवरून उत्तर वाचावे, अशी ती रीत. शांगांनंतर झोऊ राजवंश आला. त्याच्या उत्तरार्धात छोटी राज्ये परस्परांशी झुंजत राहिली आणि त्याच धामधुमीत कन्फ्यूशियससारखे विचारवंत झाले. आपल्याकडे भगवान बुद्धांचा काळ साधारण याच्याच आसपासचा. रोग हा पितरांचा कोप नसून ऋतू, आहार, विहार आणि शरीरातील असमतोल यांतून उद्भवतो, ही दृष्टी चीनमध्ये याच शतकांत हळूहळू तयार झाली. दैवव्यपाश्रयाकडून युक्तिव्यपाश्रयाकडे झालेला हा प्रवास आपल्या परिचयाचा आहे.

इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन राज्याच्या अधिपतीने सर्व राज्ये जिंकून पहिले साम्राज्य उभारले. या सम्राटाने इसवी सनापूर्वी २१३ मध्ये ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. इतिहास आणि तत्त्वचर्चा यांची पुस्तके आगीत गेली. वैद्यक, शकुनविद्या आणि शेती या विषयांच्या ग्रंथांना मात्र त्याने सूट दिली. सत्तेला वैद्यक हवे असते, वैद्याचे मत नको असते, याचा हा बहुधा पहिलाच नमुना. हाच सम्राट अमरत्वाच्या औषधासाठी समुद्रापार माणसे पाठवीत राहिला. त्याच्या समाधीत पाऱ्याच्या नद्या वाहत्या ठेवल्याचे वर्णन जुन्या इतिहासकाराने केले आहे आणि आधुनिक चाचण्यांत त्या टेकडीच्या मातीत पाऱ्याचे प्रमाण खरोखरच अधिक आढळले. पारद आणि हिंगूळ यांचे आकर्षण चीनच्या दरबारात पुढे हजार वर्षे टिकले. थांग वंशातील एकाहून अधिक सम्राट रसायन सेवनाने दगावले असे तेथील इतिहासच सांगतो. रसौषधीत शोधनाला आपल्याकडे इतके महत्त्व का दिले, हे ज्या विद्यार्थ्यांना कंटाळवाणे वाटते त्यांना हा भाग अवश्य वाचावयास द्यावा.

छिन साम्राज्य पंधरा वर्षांत कोसळले. त्यानंतरच्या हान राजवटीने चार शतके राज्य केले आणि चिनी वैद्यकाचा पाया याच काळात घातला गेला. ‘ह्वांगदी नेईजिंग’ हा मूलग्रंथ पीतसम्राट आणि त्याचा वैद्य छी बो यांच्या संवादाच्या रूपात आहे. पुनर्वसु आत्रेय आणि अग्निवेश यांची आठवण व्हावी अशीच ही रचना. काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल अशी त्यांची पंचतत्त्वे. आपल्या पंचमहाभूतांशी त्यांची सरळ जुळणी करण्याचा मोह टाळावा. कारण आपली महाभूते द्रव्याची घटना सांगतात, तर त्यांची तत्त्वे एकातून दुसरे उपजण्याचा आणि एकाने दुसऱ्यास आवरण्याचा क्रम सांगतात. इसवी सन २००च्या सुमारास झांग झोंगजिंग याने ज्वरचिकित्सेचा ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की आपल्या दोनशेहून अधिक माणसांच्या कुळातील दोनतृतीयांश माणसे दहा वर्षांत गेली आणि त्यांतील बहुतेक ज्वराने. त्या दुःखातून निघालेले त्याचे योग आजही चीन आणि जपानमध्ये वापरात आहेत.

ग्रंथांची ये-जा

बौद्ध धर्म चीनमध्ये गेला तेव्हा त्याच्यासोबत आपले वैद्यकही गेले. याचा सर्वांत ठोस पुरावा म्हणजे बॉवर हस्तलिखित. १८९० साली हॅमिल्टन बॉवर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने कुचा येथे भूर्जपत्रावरील एक पोथी विकत घेतली. हे गाव आज चीनच्या शिंजियांग प्रांतात आहे. गुप्तकालीन लिपीतील या संस्कृत पोथीत लशुनकल्प आहे आणि ‘नावनीतक’ हा योगसंग्रहही आहे. चौथ्या ते सहाव्या शतकातील ही पोथी आयुर्वेदाच्या उपलब्ध हस्तलिखितांत अत्यंत प्राचीन गणली जाते. ती भारतात सापडली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या दमट हवेत भूर्जपत्र टिकत नाही. वाळवंटाने ते जपले.

सातव्या शतकात, थांग राजवटीच्या भरात, ये-जा दोन्ही दिशांनी वाढली. ह्यूएनत्संग सुमारे ६४१ साली आपल्या महाराष्ट्रात आला. येथील माणसे अभिमानी, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा सूड घेणारी आहेत, असे त्याने लिहून ठेवले. पुलकेशीच्या सामर्थ्याचीही त्याने दखल घेतली. अजिंठ्याचे म्हणून ओळखले जाणारे वर्णनही त्याच्याच लेखनात आहे. आपल्या वाचकांना मात्र त्याच्यामागून आलेला इत्सिंग अधिक उपयोगाचा. ६७१ साली निघालेला हा भिक्षू नालंदेस सुमारे दहा वर्षे राहिला आणि ६९५ साली मायदेशी परतला. चिकित्सेची आठ अंगे असून नुकतीच ती एका ग्रंथात एकत्र संक्षेपिली गेली आहेत, असे तो लिहितो. हा निर्देश वाग्भटाचा असावा, असे अनेक विद्वान मानतात. लंघनाचे महत्त्व तो पुनःपुन्हा सांगतो. आणि त्याच ओघात तो हेही नोंदवतो, की सूचीवेध, दहन आणि नाडी पाहण्याचे कौशल्य यांत जंबुद्वीपातील कोणताही देश चीनची बरोबरी करू शकत नाही.

हे अखेरचे विधान आपल्यासाठी अडचणीचे आहे. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे स्वतंत्र विवेचन नाही. ते प्रथम स्पष्टपणे येते शार्ङ्गधर संहितेत. चीनमध्ये मात्र वांग शूहे याचा नाडीवरील स्वतंत्र ग्रंथ तिसऱ्या शतकातला. यावरून नाडीपरीक्षा तिकडून आली असे काही अभ्यासक म्हणतात, तर काही युनानी हकिमांचा मार्ग सुचवतात आणि काहींच्या मते ती आपल्याच योग-तंत्र परंपरेत वाढली. वात, पित्त, कफ यांनुसार नाडी पाहण्याची पद्धत तर निःसंशय आपली आहे. परंतु ‘नाडी आमचीच, अनादी काळापासून’ असे व्यासपीठावरून ठोकून देण्यापूर्वी शार्ङ्गधराच्या आधीचा पुरावा हाती असलेला बरा.

चीनने आपल्याकडून घेतलेल्या गोष्टीही थोड्या नाहीत. सुन सिमियाओ या थोर वैद्याच्या सातव्या शतकातील ग्रंथात जीवकाचा उल्लेख आहे. जगात औषध नाही अशी वस्तूच नाही, हे जीवकाच्या तोंडचे मत त्याने आदराने नोंदवले. ब्राह्मणांची मर्दनपद्धतीही त्याने वर्णिली. नेत्ररोगांवर भारतीय वैद्यांची तेथे ख्याती होती आणि नागार्जुनाच्या नावाने नेत्रचिकित्सेचा ग्रंथ प्रचलित होता. साखरेची गोष्ट दौंड तालुक्यातील वाचकांना विशेष रुचेल. ६४७ साली सम्राट ताइझोंग याने मगधात माणसे पाठवून उसाचा रस आटवून साखर करण्याची रीत शिकून घेतली. ज्या पांढऱ्या पदार्थाला उत्तर भारतात आज ‘चिनी’ म्हणतात, त्याची मूळ विद्या इकडून तिकडे गेली होती. गुऱ्हाळाच्या चुलवणाशी उभे राहिले असता ही आठवण व्हावी. याच सम्राटाच्या दरबारात नारायणस्वामी नावाचा एक भारतीय पोहोचला. आपले वय दोनशे वर्षे आहे असे सांगून त्याने दीर्घायुष्याचे रसायन सिद्ध करण्याचे काम पत्करले. रसायन काही साधले नाही आणि ६४९ साली सम्राट निवर्तला. अशा मंडळींची परंपरा दोन्ही देशांत अखंड आहे.

राज्यसत्तेचा हात

चिनी वैद्यकाचा एक विशेष येथे मांडला पाहिजे. ६५९ साली थांग दरबाराने सुमारे साडेआठशे द्रव्यांचा औषधकोश सरकारी आज्ञेने सिद्ध केला. प्रांतोप्रांतीहून नमुने आणि चित्रे मागवली गेली आणि आधीच्या कोशातील चुका नोंदवून दुरुस्त केल्या गेल्या. पुढे सुंग राजवटीत (९६०–१२७९) हे काम शिगेस पोहोचले. १०२७ साली सूचीवेधाची स्थाने कोरलेला पूर्णाकृती काशाचा पुतळा घडवण्यात आला. विद्यार्थ्यांची परीक्षा त्यावर घेत. १०५७ साली वैद्यकीय ग्रंथांच्या संशोधनासाठी स्वतंत्र खाते स्थापन झाले. पाठभेद तपासून शुद्ध केलेल्या संहिता तेथे छापल्या गेल्या. १०७६ साली राजधानीत सरकारी औषधालय उघडले. आपली चरकसंहिता छापखान्यात पोहोचण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले आणि पाठशुद्धीचे मोठे काम वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्यासारख्या व्यक्तींनी, निर्णयसागरसारख्या छापखान्याच्या आधाराने केले. आपल्याकडे गुरुशिष्यपरंपरेने विद्या जपली, यात शंका नाही. परंतु प्रत घराघरांत राहिली आणि प्रत्येक घराचा पाठ वेगळा झाला, हेही तितकेच खरे.

मंगोलांच्या युआन राजवटीविषयी येथे फारसे सांगण्याची गरज नाही. त्यानंतरच्या मिंग काळात (१३६८–१६४४) ली शिझेन (१५१८–१५९३) या वैद्याने कोणत्याही राजाज्ञेविना सुमारे सत्तावीस वर्षे खपून १८९२ द्रव्यांचा महाकोश रचला. तो छापून निघाला १५९६ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर. त्याच शतकात आपल्याकडे भावमिश्र लिहीत होता. हे दोघे एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांच्या ग्रंथांत एकच नवा रोग आला आहे. पोर्तुगीज व इतर दर्यावर्दी लोकांबरोबर पसरलेल्या या रोगाला भावमिश्राने ‘फिरंग’ म्हटले आणि त्यावर द्वीपान्तर वचा, म्हणजे चोपचिनी सांगितली. ली शिझेन यानेही दक्षिण चीनच्या किनाऱ्याकडून आलेल्या या व्रणरोगावर त्याच जातीच्या वेलीचे मूळ सांगितले. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्टा या पोर्तुगीज वैद्याचा १५६३ साली छापलेला ग्रंथही या मुळीची चर्चा करतो. रोग आणि औषध एकाच जहाजांनी फिरत होते.

अफू आणि प्लेग

मांचूंच्या छिंग राजवटीच्या (१६४४–१९१२) ऱ्हासाची कथा अफूवाचून सांगता येत नाही. अहिफेन आपल्या संहिताकारांना ठाऊक नव्हते. शार्ङ्गधराच्या काळापासून ते आले, आणि अतिसारावर स्तंभक म्हणून जपून वापरले गेले. एकोणिसाव्या शतकात तेच द्रव्य पेट्यांनी चीनमध्ये ओतले गेले. चिनी चहा आणि रेशीम यांची किंमत चांदीत मोजावी लागू नये, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत बंगालची अफू, आणि माळव्यातून मुंबई बंदरावाटे जाणारी माळवी अफू, कँटनला पोहोचत असे. चीनच्या सम्राटाने १७२९ सालीच अफूच्या धूम्रपानावर निर्बंध घातले होते. ते कागदावरच राहिले. १८३९ साली आयुक्त लिन झेश्यू यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून समुद्रकाठी नष्ट केली. उत्तरादाखल इंग्रजांनी युद्ध पुकारले. १८४२च्या नानकिंग तहाने हाँगकाँग गेले, पाच बंदरे खुली झाली आणि जबर दंड भरावा लागला. १८५६ ते १८६० या काळात पुन्हा युद्ध झाले.

या व्यापारात मुंबईचे धनिकही होते. सर जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती कापूस आणि अफू यांच्या चीन व्यापारातून उभी राहिली, आणि त्यांच्याच देणगीतून जे. जे. रुग्णालय उभे राहिले. एका देशातील व्यसनाच्या पैशावर दुसऱ्या देशातील आरोग्यसेवा उभी राहिली, ही वस्तुस्थिती आहे. दात्याचे औदार्य त्याने खोटे ठरत नाही, पण हिशेबाच्या दोन्ही बाजू वाचल्या पाहिजेत.

पुढे १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग भडकला. तेथूनच जहाजांवाटे तो सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात पोहोचला असे मानले जाते. १८९७मध्ये पुण्यात त्याने काय केले, ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावयास नको. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्तांची सेवा करताना गेल्या. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. चीनच्या बाजूने या रोगाचा दुसरा अध्याय १९१०–११ साली मांचुरियात घडला. फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार माणसे गेली. केंब्रिजमध्ये शिकलेल्या वू लियांद या डॉक्टरने कापडी मुखपट्टी, विलगीकरण आणि प्रेतदहन यांच्या बळावर साथ आटोक्यात आणली. परंपरागत चिकित्सेला या साथीपुढे काही करता आले नव्हते. दरबाराने पाश्चात्त्य वैद्यकाकडे तोंड वळवले ते या घटनेपासून. वर्षभरातच राजवंश संपला. १ जानेवारी १९१२ रोजी स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष सन यत्-सेन हे स्वतः हाँगकाँगमध्ये शिकलेले डॉक्टर होते.

१७ मार्च १९२९

आता आपल्यासारख्या संघटनेने विशेष लक्ष द्यावा असा प्रसंग. नव्या प्रजासत्ताकाला देश आधुनिक करण्याची घाई होती. जपानने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या परंपरागत वैद्यकाची मान्यता काढून घेतली होती. फेब्रुवारी १९२९ मध्ये, चिआंग कै-शेक यांच्या नानकिंग सरकारच्या आरोग्य मंडळापुढे यू यान यांनी प्रस्ताव मांडला. हे जपानात शिकलेले डॉक्टर होते. जुन्या वैद्यांची एकदाच नोंदणी करावी, नव्यांना परवानगी नसावी, त्यांच्या शाळा व जाहिराती बंद कराव्यात, म्हणजे एका पिढीत ही विद्या आपोआप संपेल, असा त्या प्रस्तावाचा आशय. मंडळाने तो स्वीकारलाही.

तोवर चिनी वैद्य विखुरलेले होते. प्रत्येकाचा आपला गुरू, आपले गुप्त योग आणि शेजारच्या वैद्याशी वैर. हे चित्र वाचकांस अपरिचित नसावे. प्रस्तावाची बातमी फुटताच शांघायमध्ये वैद्य आणि औषधविक्रेते प्रथमच एकत्र आले. १७ मार्च १९२९ रोजी तेथे देशभरातील संघटनांचे अडीचशेहून अधिक प्रतिनिधी जमले. अनेकांनी अर्धा दिवस दुकाने बंद ठेवली. शिष्टमंडळ नानकिंगला गेले आणि प्रस्ताव बासनात गेला. १९३१ साली ‘राष्ट्रीय वैद्यक’ संस्था स्थापन झाली. मात्र वैद्यांना त्याची किंमत मोजावी लागली. टिकावयाचे तर आपले वैद्यक ‘शास्त्रीय’ करू, अभ्यासक्रम बांधू, परीक्षा घेऊ, असे त्यांनीच कबूल केले. त्याच दशकात, १९३३ साली, पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले. शुद्ध की मिश्र हा आपल्याकडील वाद पुढे अनेक दशके रंगला. चीनमध्ये त्याचा निकाल परंपरेच्या बाजूने कधीच पूर्णपणे लागला नाही, आणि विरुद्धही नाही.

सोलापूरचे डॉक्टर

१९३७ साली जपानने चीनवर पूर्ण आक्रमण केले. चिनी सेनापती झू द यांच्या विनंतीवरून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, नागपूरचे डॉ. चोळकर, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले. कोटणीसांनी चिनी भाषा आत्मसात केली. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांनी गुओ छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता. व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटामुळे ही कथा मराठी घरांत पोहोचली. दौंड स्थानकावरून सोलापूरची गाडी पकडणाऱ्यांनी तेथील त्यांच्या घरातील स्मारक एकदा पाहावे.

कोटणीसांचे सहकारी डॉ. बसू यांच्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, सूचीवेध शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ती चिकित्सा सुरू केली. आज भारतात अॅक्युपंक्चर म्हणून जे चालते, त्याची एक प्रमुख वाट अशी त्या पथकापाशी जाऊन पोहोचते. महाराष्ट्राने तर २०१५च्या अधिनियमाने तिला स्वतंत्र कायद्याची चौकट दिली. इत्सिंगने ज्या विद्येबद्दल अभिमान बाळगला, ती तेराशे वर्षांनी एका शस्त्रवैद्याच्या हातून इकडे आली.

तू यूयू यांची बाटली

१ ऑक्टोबर १९४९ रोजी कम्युनिस्टांची राजवट आली. पाचशे चाळीस दशलक्षांच्या आसपासच्या लोकसंख्येला पुरतील इतके आधुनिक डॉक्टर देशात नव्हते. माओंनी परंपरागत वैद्यांना सामावून घेतले ते प्रामुख्याने या निकडीपोटी. १९५५ साली बीजिंगमध्ये संशोधन अकादमी आणि १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ व चेंगदू येथे चार महाविद्यालये स्थापन झाली. आज ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ म्हणून जे जगभर ओळखले जाते, त्याची पाठ्यपुस्तकी घडण या काळातली आहे. याच राजवटीच्या धोरणांमुळे १९५९ ते १९६१ या काळात भीषण दुष्काळ पडला. त्यातील बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत अनेक वृद्ध वैद्यांचा छळ झाला आणि जुने ग्रंथ जाळले गेले. एका हाताने संस्था आणि दुसऱ्या हाताने होळी. ‘चीनने परंपरा जपली’ असे म्हणणाऱ्यांनी हा अर्धा भागही सांगावा.

आणि याच अंधाऱ्या दशकात ते संशोधन झाले. व्हिएतनाम युद्धात हिवतापाने सैनिक मरत होते. २३ मे १९६७ रोजी गुप्त प्रकल्प सुरू झाला. १९६९ साली बीजिंगच्या अकादमीतील तू यूयू यांच्याकडे जुन्या ग्रंथांतील ज्वरघ्न योग तपासण्याचे काम आले. त्यांनी दोन हजारांवर योग धुंडाळले. ‘छिंगहाओ’ ही वनस्पती, म्हणजे आपल्या दवण्याच्याच वंशातील एक, कधी गुण दाखवी, कधी मुळीच नाही. तेव्हा त्यांनी गे होंग याच्या चौथ्या शतकातील आपत्कालीन उपचारांचा ग्रंथ पुन्हा उघडला. त्यात मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यावा, असे सांगितले होते.

येथे वैद्याने थांबावे. ग्रंथात उकळण्याचा शब्द नाही. आपल्या पंचविध कषायकल्पनेच्या भाषेत, तेथे क्वाथ सांगितलेला नाही. भिजवून पिळणे हे हिम आणि स्वरस यांच्या जवळचे. सर्वजण सवयीने काढा करीत होते, आणि कार्यकारी अंश उष्णतेने नष्ट होत होता. तू यूयू यांनी सुमारे पस्तीस अंशांवर उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील हिवतापाचे जंतू पूर्णपणे नाहीसे केले. १९७२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो प्रथम स्वतःवर घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले, लक्षावधी प्राण वाचले आणि २०१५ साली तू यूयू यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. कल्पनेचा एक शब्द नीट वाचल्याने हे घडले. आपले महाविद्यालयीन विद्यार्थी ‘स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फाण्ट’ घोकतात आणि व्यवसायात उतरल्यावर सगळ्याचाच काढा करतात. मात्र त्या वनस्पतीचा घरगुती काढा किंवा चहा हिवतापावर देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने बजावले आहे. त्यातील मात्रा अनिश्चित असते.

माओ १९७६ साली गेले. १९७८पासून आर्थिक सुधारणा आल्या. १९८२च्या राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात आधुनिक आणि परंपरागत अशा दोन्ही वैद्यकांच्या विकासाची हमी आली. १ जुलै २०१७ रोजी स्वतंत्र कायदा अमलात आला. कारखाने आणि निर्यात वाढली, आणि त्याबरोबर एक जुना दोषही जगभर गेला.

१९९०च्या दशकाच्या प्रारंभी ब्रुसेल्समधील एका मेदोहर चिकित्सालयात चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचे वृक्क झपाट्याने निकामी होऊ लागले. १९९३ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि पुढे बाधितांची संख्या शंभराच्या आसपास गेली. शोधाअंती आढळले, की ‘फांगजी’ या नावाखाली दोन भिन्न वनस्पती बाजारात विकल्या जात होत्या आणि योजलेल्या वनस्पतीऐवजी अॅरिस्टोलोकिया वंशातील दुसरीच गोळीत पडली होती. तिच्यातील अम्ल वृक्कांस घातक असून अर्बुदजनकही आहे. नावातील हा घोटाळा आपल्या संदिग्ध द्रव्यांच्या प्रश्नासारखाच आहे. चीनने २००३–०४ च्या सुमारास या वंशातील काही द्रव्ये वगळली. याच वंशातील ईश्वरी, अर्थात सापसंद, आपल्या निघंटूंतही आहे आणि काही कपाटांत अजूनही आहे. ज्यांच्याकडे ती मुळी असेल त्यांनी आभ्यंतर प्रयोगासाठी ती काढू नये, आणि विक्रेत्याकडून येणाऱ्या पुडीत दुसऱ्या नावाने ती आलेली नाही, याची खात्री करून घ्यावी.